बारा खुंट्यांची वळकटी

घरावर इतका राग धरलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. आणि गंमत अशी, की डहाणूजवळच्या नरपडला त्यांच्या आळीत सगळ्यांत ऐसपैस घर याच माणसाचं होतं. हे माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. दोन मजले, वर स्लॅब, खाली गुळगुळीत लाद्या, तीन खोल्यांत तीन पलंग. आणि या सगळ्याचा मालक दिवाळी सरली की मागच्या चिकूच्या वाडीत जमिनीवर अंथरूण टाकणार, ते थेट पावसाळा तोंडावर येईपर्यंत. "छप्पर हे पावसापुरतं असतं, मास्तर," ते मला सांगत, "उरलेले आठ महिने आपण उगाच त्याच्याखाली जातो. सवय, दुसरं काही नाही." अपचन, सांधेदुखी, नवराबायकोची भांडणं, मुलांचे गणितातले कमी मार्क, या सगळ्याचं मूळ त्यांच्या मते छपरात होतं. एकदा आमच्या सासऱ्यांना मूळव्याधीनं फार छळलं. सगळे जण डॉक्टरांची नावं सुचवत होते, तेव्हा साडूंनी शांतपणे सुचवलं, "चार रात्री वाडीत झोपा, बघा फरक पडतो की नाही." सासरे जावयाला उलट बोलणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी नुसती कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं.

पण नुसतं मत असून भागत नाही, त्याला साधन लागतं, आणि साडूंचं साधन म्हणजे त्यांची वळकटी. थंडीत मुंबईची मंडळी बोर्डीच्या सुरूच्या बनात येतात, रंगीबेरंगी तंबू ठोकतात आणि चेन ओढून बंद होणाऱ्या पिशव्यांत शिरतात. साडू संध्याकाळी मुद्दाम मोटारसायकल काढून तिकडे जात, एखाद्या तंबूचं कापड दोन बोटांत चोळून बघत आणि आतल्या अनोळखी माणसाला विचारत, "केवढ्याला पडलं?" आकडा जितका मोठा तितके साडू खूश. घरी येईपर्यंत ते गुणगुणत असत, कारण त्यांची वळकटी दोरीसकट दोनशेच्या आत होई आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तीन पिढ्या टिके. तिसरी पिढी अजून जन्माला यायची होती, पण साडूंना तेवढी घाई नव्हती.

वळकटीचं मुख्य अंग ट्रकवरची जुनी ताडपत्री. आता मिळते ती निळी प्लॅस्टिकची नव्हे. जाड, हिरवट, कॅनव्हासची, जिला उन्हात ठेवलं की डांबर आणि कांद्याचा मिळून एक वास येतो. ती आमच्याकडे फक्त तलासरीला हायवेवर, ताडपत्र्या सांधणाऱ्या दुकानांत मिळे. २०१४ साली माझी बदली तलासरी तालुक्यातल्या एका शाळेत झाली, तेव्हा घरात सगळ्यांना वाईट वाटलं. डहाणूहून रोजची ये-जा, त्यात रस्ते तसले. आनंद झाला तो एकट्या साडूंना. "देवच पावला," ते म्हणाले, "आता माल तुम्ही आणायचा." तेव्हापासून महिन्या-दोन महिन्यांनी मी स्कूटरवर ताडपत्रीचा एक गठ्ठा बांधून नरपडला उतरवू लागलो. दुकानदार मला शिक्षक मानायला तयारच नव्हता. "साहेब, तुमचे ट्रक किती?" असं त्याने एकदा अदबीने विचारलं.

गठ्ठा आला की साडू तो विहिरीवर धूत, तीन दिवस वाळवत, आणि मग दाभण आणि सुतळी घेऊन ओटीवर बैठक मारत. अंगाखाली येणारी बाजू दुहेरी. वरून एक लांब पाखा, पायापासून हनुवटीपर्यंत येणारा. आत भाताच्या पेंढ्याची पातळ गादी, दर वर्षी नव्या पेंढ्याची, आणि तिच्यावर गोधडी. गोधडीसाठी ताईंच्या जुन्या साड्या. जुनी कोणती हे साडूच ठरवत, त्यामुळे त्या घरात ताईंच्या अंगावर असलेली साडी तेवढी सुरक्षित. पाखा बंद करायला एकेका बाजूला सहा, अशा बारा खुंट्या. छाटलेल्या चिकूच्या फांदीच्या, बोटभर लांबीच्या, काचेने घासून गुळगुळीत केलेल्या. खुंटीला अडकवायला दोरीचे फास. बटण नको, ते तुटतं. चेन नको, ती खारी हवा खाते. नायलॉनची दोरी तर नकोच, ती सरकते. साधी सुताची दोरी हवी. "दव पडलं की सूत फुगतं," ते सांगत, आणि सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळे, की जणू सुतात ती अक्कल त्यांनीच घातली होती.

पाणी आत शिरू नये म्हणून ताडपत्रीला मेण लावायचं असे. मेण म्हणजे उरलेल्या मेणबत्त्या. आमच्याकडे वीज जायची ती नेमाने, त्यामुळे मेणबत्त्यांच्या बुडख्यांना तोटा नव्हता. साडू कुणाच्याही घरी गेले की निघताना "बुडखे आहेत का?" असं इतक्या सहज विचारत, जितक्या सहज दुसरा माणूस पाणी मागेल. ते मेण कापडावर घासून वर इस्त्री फिरवायची. इस्त्री अर्थात ताईंची. एका लग्नाला आम्ही सगळे नरपडहून निघणार होतो. ताईंनी मायेने माझाही शर्ट इस्त्री करून दिला. मांडवात पोचेपर्यंत अवकाळी पावसाची सर आली आणि मी नखशिखांत भिजलो. फक्त छातीवरच्या खिशाभोवती टीचभर कापड कोरडं ठणठणीत, पाणी त्याच्यावरून मोत्यांसारखं ओघळतंय. माझी बायको संतापली, ताईंना रडू यायचं बाकी राहिलं. साडूंनी माझा खिसा दोन्ही हातांनी धरून वऱ्हाडी मंडळींना दाखवला आणि म्हणाले, "बघा! मेणाच्या इस्त्रीचा नुसता एक हात फिरलाय."

त्यांच्या आनंदाला अशी कुठलीही आपत्ती पुरे. एका साखरपुड्याला वलसाडकडचे पाहुणे आले होते, तेव्हाची गोष्ट. सकाळी सगळे ओटीवर चहा पीत होते आणि साडूंची वळकटी वाडीतून नुकतीच उचलून आणलेली, दवाने ओलीचिंब. एका पाहुण्याने नको तो प्रश्न विचारला, "अंदर हवा आवे छे?" झालं. साडू धोतराचा काचा मारून वळकटीत शिरले, मला म्हणाले, "मास्तर, बाराच्या बारा लावा." मी लावल्या. मग आतून त्यांचं व्याख्यान सुरू झालं, हवेबद्दल, दवाबद्दल, सापकिरडाबद्दल. व्याख्यान संपलं, पण खुंट्या निघेनात. ओलं सूत आवळून बसलेलं. मी आणि दोन पाहुणे नखं मोडेस्तोवर झटत होतो, ताई सुरी आणू का म्हणत होत्या, आणि आतून आवाज येत होता, "कापू नका, कापू नका, घाई काय आहे?" दहा मिनिटांनी साडू घामाघूम बाहेर आले आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "बघितलंत? याला म्हणतात पक्कं काम. वाघाने ओढली तरी सुटायची नाही." सगळे पोट धरून हसले. सगळ्यांत जास्त मी हसलो.

माझ्यासाठी एक वळकटी करायची हे त्यांनी माझी बदली झाली त्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. आणि ती घेऊन आम्ही दोघांनी एक रात्र बारडाच्या डोंगरावर काढायची, हेही. का मी, हे मला तेव्हा कळलं नाही. त्यांचा मुलगा बडोद्याला फ्लॅटमध्ये, अकराव्या मजल्यावर. भाऊबंद त्यांना वेड्यात काढणारे. ताईंना उघड्यावर दमा उसळे. तीस वर्षं हा माणूस एकटा झोपत होता आणि इतकी वर्षं ज्याच्याबद्दल बोलतोय ते कुणीतरी एकदा बरोबर येऊन बघावं, एवढंच त्याला हवं होतं. ते तोंडाने कधी म्हणाले नाहीत. म्हणायचे ते इतकंच, "एक रात्र, मास्तर. पहाटे डोळे उघडलेत की खाली सगळा किनारा दिसतो, पार झाई गावापर्यंत. मग मला सांगा."

माप घ्यायला त्यांनी मला एका रविवारी नरपडला बोलावलं, अंगणात ताडपत्री पसरली आणि तिच्यावर निजवलं. खडूने माझ्या अंगाभोवती रेघ ओढत ते पायापर्यंत पोचले असतील-नसतील, तोच ताई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि किंचाळल्या. "उठा! आधी उठा तिथून! निजलेल्या माणसाचं माप घेतात का कुणी? कशाचं घेतात ते कळतं का तुम्हाला?" ट्रे तिथेच ठेवून त्यांनी मला हाताला धरून उभं केलं, मीठ-मिरची ओवाळली, ती चुलीत टाकली, मला पाय धुवायला लावले आणि मगच चहा दिला. तोवर तो थंड झाला होता. त्यानंतर माझं माप उभ्याने, चिकूच्या झाडाला पाठ लावून घेतलं गेलं. पण साडूंचं समाधान होईना. उभा माणूस आणि झोपलेला माणूस हे दोन वेगळे प्राणी आहेत, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या रविवारी दुपारी मी आमच्या डहाणूच्या घरी जेवून लवंडलो होतो, ते जाग आली तेव्हा पलंगाशेजारी खुर्चीवर साडू! मांडीवर टेप. "केव्हा आलात?" मी दचकून विचारलं. "तासभर झाला. उठवू नका म्हटलं. मास्तर, तुम्ही झोपेत उजवा गुडघा पोटाशी घेता. आणि मुख्याध्यापकांना शिव्या घालता." मग त्यांनी चहा घेतला, बुडखे मागितले आणि गेले. महिन्याभराने माझी वळकटी तयार झाली. तिला उजव्या अंगाला, मधोमध, गुडघ्यासाठी वीतभर जादा कापड होतं.

त्या वळकटीत मी एकदाही झोपलो नाही. पहिल्या हिवाळ्यात शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. दुसऱ्या हिवाळ्यात मुलाची दहावी. तिसऱ्या वर्षी सर्दी, तिच्या पाठोपाठ निवडणुकीचं काम. शिक्षकाला निवडणुकीचं कारण कोणत्याही वर्षी देता येतं आणि ते कुणी तपासत नाही. साडू दर वेळी म्हणत, "बरोबर आहे, नोकरी आहे." एकदाही त्यांनी "मागच्या वर्षीही तुम्ही असंच म्हणालात" असं बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवलं असतं तर बरं झालं असतं. खरं कारण सर्दी नव्हतं आणि निवडणूकही नव्हती. मला लाज वाटत होती. डोंगरावर शाळेतला कुणी भेटला, पोरांनी मास्तरांना ताडपत्रीत गुंडाळलेलं बघितलं, तर? शिवाय साडूंच्या गोष्टी मी शिक्षकांच्या खोलीत रंगवून रंगवून सांगत असे. मेणाचा खिसा, साखरपुड्याची सकाळ. सगळे खो खो हसत. ज्याच्यावर हसवतो त्याच्याच शेजारी जाऊन झोपायचं, ते काही मला जमेना.

वळकटी आमच्या जिन्याखाली पडून होती. एका जुलैत बायको म्हणाली, नाहीतरी पडूनच आहे, आणि आम्ही तिचं गादी-गोधडीचं पोट काढून कापड स्कूटरवर घालू लागलो. छान बसलं, गुडघ्याचं जादा कापड हँडलला पुरलं. आणि ऐन पावसात एके दिवशी साडू चिकूच्या पेट्यांच्या कामाने डहाणूला आले, वर येताना जिन्याशी उभ्या स्कूटरपाशी थांबले. मी गॅलरीतून बघत होतो. त्यांनी ते कापड उचललं, शिवणीवरून अंगठा फिरवत सबंध पाखा तपासला, परत नीट घातलं, खालच्या दोन खुंट्या लावल्या आणि वर आले. मी काहीतरी सारवासारव करायला लागलो तर म्हणाले, "शिवण धरून आहे. पाणी येत नाही ना आत?" मी नाही म्हटलं. "मग झालं तर," ते म्हणाले आणि बायकोने दिलेली भजी त्यांनी चवीने खाल्ली. मी मात्र त्या दिवशी त्यांच्याकडे सरळ बघितलं नाही.

२०१८ ची दिवाळी झाली आणि तलासरीकडच्या, डहाणूच्या पूर्वेकडच्या गावांत जमीन हलायला लागली. आधी लोकांना वाटलं, कुठे तरी सुरुंग लावतात. मग धक्के येतच राहिले. कधी दिवसाआड, कधी दिवसातून दोनदा-तीनदा. खालून अवजड ट्रक गेल्यासारखा आवाज यायचा, पाठोपाठ कौलं खडखडायची. माझी शाळा त्याच पट्ट्यात. वर्ग झाडाखाली भरू लागले. शाळेत रोज सराव: धक्का जाणवला की हातातलं टाकायचं आणि मैदानात पळायचं, कुणासाठी थांबायचं नाही. मी शिट्टी वाजवायचो आणि पोरं पळायची. पाड्यांवर लोक रात्री घरात झोपेनात. सरकारी तंबू आले, पण सगळ्यांना पुरतील एवढे नव्हते, आणि ज्यांना मिळाले त्यांनाही खालून गारठा यायचा तो यायचाच. जानेवारीची थंडी. लेकरं शेकोटीला टेकून बसलेली असायची.

साडूंनी हे ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्या दारात उभे. घरातल्या प्रत्येकासाठी, बडोद्याच्या मुलासाठी, सुनेसाठी, न जन्मलेल्या तिसऱ्या पिढीसाठी म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं शिवून ठेवलेल्या नऊ वळकट्या होत्या. कुणी कधी नेल्या नव्हत्या. त्या त्यांनी टेम्पोत भरल्या होत्या. माणूस दहा वर्षांनी तरुण दिसत होता. "मास्तर, तुम्ही तिथले. लोक तुम्हाला ओळखतात. मला कोण ओळखतं? एक रात्र चला. डोंगर राहू दे, तिथेच झोपू दोघं." मी म्हणालो, पेपर तपासायचेत. पेपर होते, पण ते दोन दिवस थांबले असते. इथे डहाणूत हादरे सौम्य होते; रोज दुपारी त्या जमिनीवरून उठून संध्याकाळी आपल्या पलंगावर येण्यात मला जे सुख वाटे, ते मला सोडवेना. मी त्यांना पाड्यावरच्या एका ओळखीच्या घरचं नाव सांगितलं, टेम्पोच्या ड्रायव्हरला रस्ता समजावला आणि त्यांना हात केला. टेम्पो वळेपर्यंत ते मागे बघत होते.

पुढचं मला त्यांनीच सांगितलं, पंधरा दिवसांनी, नरपडला ओटीवर चिकू निवडत. पाड्यावर त्यांचं छान स्वागत झालं. ते चार रात्री राहिले. वळकट्या लहान मुलांना दिल्या. सावरीसारख्या उबदार, मुलं लगेच झोपत. रोज संध्याकाळी साडू स्वतः एकेका मुलाला आत घालून बाराच्या बारा खुंट्या लावत, हनुवटीपर्यंत. कुणी पाय बाहेर काढला तर रागावत. चौथ्या पहाटे मोठा धक्का बसला.

"सगळे उठले, मास्तर. आया पोरं उचलायला धावल्या. आणि पोरं सुटेनात. रात्रभर दव पडलेलं." हातातला चिकू त्यांनी दोनदा कच्च्याच्या टोपलीत टाकला आणि दोनदा परत काढला. "तुमच्या शाळेतली दुसरीतली मुलगी आहे ना, दात पडलेली? ती आत ओरडतेय, आणि तिची आई नुसती खुंट्या ओढतेय. बोटांतून रक्त आलं तिच्या. मी कोयता घेऊन धावलो. माझे फास मीच कापले."

"मुलीला काही…?"

"काही झालं नाही. काहीसुद्धा नाही. जमीन थांबली, पोरगी आईला बिलगली. झालं एवढंच." त्यांनी टोपली पुढे ओढली. "सकाळी ती बाई वळकटी नीट गुंडाळून घेऊन आली. माझ्या पायाशी ठेवली. म्हणाली, 'दादा, तुमचा बिस्तरा चांगला हाय. पण पोर आत रडं नी मला सोडवायला येईना. आम्हाला नको.' रागावली असती तर मी काहीतरी बोललो असतो. तिने मला वर चहा दिला. मग बाकीच्याही आल्या, एकेक. नऊच्या नऊ. सगळ्या घड्या घालून."

दवाने ओलं झालेलं सूत सुटत नाही, हे मला माहीत होतं. रोज शिट्टी वाजवून मी त्याच मुलांना शिकवत होतो, की जमीन हलली की पळा. टेम्पो माझ्या दारात उभा होता तेव्हा, "भाऊ, तिथे खुंट्या लावू नका, नुसतं पांघरा," एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते मला सुचलं नाही, असं म्हणून सुटता येत नाही. पेपरांचं निमित्त सांगण्याच्या गडबडीत मी त्यांच्या बेताचा नीट विचारच केला नाही. साखरपुड्याच्या सकाळी ज्या नखांनी मी तेच फास सोडवत होतो, ती नखं माझीच होती.

निघताना ते म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांना सांगत होतो, बाहेर झोपा. तिथे अख्खा पाडा बाहेर झोपला होता, मास्तर. आणि एकालाही झोप लागत नव्हती."

त्या वर्षीचा पावसाळा गेला. दिवाळी आली आणि गेली. मला वाटत होतं, थंडी पडली की साडू पुन्हा वाडीत जातील. हौस अशी मरत नाही. डिसेंबरात एका शनिवारी मी मुख्याध्यापकांकडून अर्ध्या दिवसाची रजा मागून घेतली. निवडणूक नव्हती, पेपर नव्हते, सर्दी नव्हती. माझ्या वळकटीत बायकोने नवा पेंढा आणि दोन गोधड्या भरून दिल्या. बाराच्या बारा खुंट्या काढून टाकून मी तिथे साधे बंद शिवले होते, ओढले की सुटणारे. टॉर्च घेतला, बिस्किटं घेतली, आणि चारच्या सुमारास नरपडला पोचलो. मला खरंच आनंद झाला होता. वाटेत मी स्कूटरवर मोठ्याने बोलत होतो.

साडू आतल्या खोलीत पलंगावर होते, समोर टीव्ही. मला बघून उठून बसले. मी म्हटलं, "भाऊ, चला. आज बारडाच्या डोंगरावर. सगळं घेऊन आलोय." त्यांनी खिडकीतून स्कूटरकडे बघितलं, तिच्यावर बांधलेल्या वळकटीकडे, आणि हसले. ओळखीचं हसू होतं ते, त्यामुळे क्षणभर मला वाटलं, जमलं. मग म्हणाले, "आता नको, मास्तर. पाठ धरते अलीकडे." त्यांची पाठ आयुष्यात कधी धरली नव्हती. मी आग्रह केला. डोंगर नको तर वाडीत, इथेच, मागे. नको म्हणाले. एक रात्र, म्हटलं. ते माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही आलात, बरं वाटलं," आणि टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

मी बंदांची गोष्ट काढली. ओढून दाखवतो म्हटलं. "चांगलं केलंत," ते म्हणाले, पण बघायला उठले नाहीत.

चहा झाला. ताई मला सोडायला गेटापर्यंत आल्या. बराच वेळ त्या माझ्या स्कूटरकडे बघत राहिल्या आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मी देवाला एवढंच मागितलं, की यांनी घरात झोपावं. आता झोपतात. सांगावंही लागत नाही. संध्याकाळ झाली की स्वतःच दारं लावून घेतात." त्यांनी पदराने नाक पुसलं. "तुम्ही गेल्या थंडीत आला असतात ना, मास्तर…" वाक्य तिथेच सोडून त्यांनी मला गेट उघडून दिलं. त्या फार चांगल्या आहेत.

मी स्कूटर सुरू केली तेवढ्यात आतून साडूंचा आवाज आला. "मास्तर गेले का गं? उन्हं उतरली. त्यांना म्हणावं, थांबू नका, अंधार पडायच्या आत घरी पोचा."